रोमचें शून्य

रोम नगरींतील भग्न प्रासाद, कारंजीं आणि देवालयें आम्हीं डोळे भरून पाहिलीं. परंतु त्या नगरीची जी आठवण आमच्या कुटुंबांत कायमची राहिली, ती एका शून्याची.

निघतांना आम्हीं पुण्यास घरीं रोममधील मुक्कामाचा दूरध्वनि-क्रमांक लिहून दिला होता. वाटेंत आमचा भ्रमणध्वनि बिघडला, तेव्हां तेवढाच काय तो आधार उरला. तिसऱ्या रात्रीं मातोश्रींच्या छातींत कळ आली. थोरले बंधु पहाटेपर्यंत क्रमांक लावीत बसले. पण आमच्या मुक्कामीं घंटा कांहीं वाजेना. सकाळीं आम्हीं सहज घरीं बोलणें लावलें, तेव्हां सारें कळलें. सुदैवानें तोंवर मातोश्रींस उतार पडला होता.

बंधूंनीं केली ती चूक आपल्याकडील रीत पाळण्याची. भारतांत बाहेरगांवाहून पुण्यास बोलावयाचें तर आधीं 020 लावावे लागतात. त्यांतील पहिलें शून्य म्हणजे ‘पुढें येतो तो दुसऱ्या गांवचा संकेत’ अशी यंत्रास दिलेली वर्दी. परदेशाहून बोलतांना भारताचा 91 हा आंकडा घातला कीं या वर्दीचें कारण उरत नाहीं. शून्य गळतें आणि 91 च्या पुढें एकदम 20 येतात. इटलीचा आंकडा 39 आणि रोमचा संकेत 06. बंधूंनीं त्याच न्यायानें शून्य गाळून 39 च्या पुढें नुसता 6 लावला.

पूर्वीं इटलींतही हाच परिपाठ होता. 1998 सालीं मात्र तेथें गांवचा संकेत हा क्रमांकाचाच भाग ठरविण्यांत आला. तेव्हांपासून रोमच्या रहिवाशास शेजारच्या घरीं बोलतांनाही 06 लावावे लागतात, आणि पुण्याहून बोलणाऱ्यानेंही 00 39 06 असाच क्रम धरावयाचा. दारावरचा भालदार घरचाच माणूस झाला, असें म्हणा ना! उलट तेथील भ्रमणध्वनीचे क्रमांक 3 नें सुरू होतात. त्यांच्याआधीं शून्य लावलें तर तेंही चूकच.

मन स्वस्थ झाल्यावर आम्ही व्हॅटिकन पाहावयास गेलों. सेंट पीटरच्या चौकांत पाऊल टाकलें कीं इटलीचें राज्य मागें राहतें. या चिमुकल्या राज्याचीं टपालाचीं तिकिटें स्वतःचीं आहेत. दूरध्वनीसाठीं 379 हा आंकडाही त्याच्या नांवें राखून ठेविलेला आहे. पण तो वापरांत नाहीं. पोपच्या राज्याशीं बोलावयाचें तें रोमच्याच दारानें: 39, 06, आणि मग 698. राज्य निराळें म्हणून वाट निराळी असतेच असें नाहीं, आणि एका देशाची रीत दुसऱ्या देशांत चालतेच असेंही नाहीं.

मातोश्री आतां हिंडत्याफिरत्या आहेत. परगांवीं कोणी निघालें कीं बंधु त्याचा क्रमांक, घरून जसा लावावयाचा अगदीं तसा, पंचांगाच्या कोऱ्या पानावर उतरवून घेतात. त्या पानावर रोमच्या शून्याभोंवतीं तांबड्या शाईचें वर्तुळ आहे.