चाक हलवून पाहिलंस का?



इंदूरला माझ्या वडिलांचे अँबॅसॅडर दुरुस्तीचे छोटे गॅरेज होते. शाळा सुटली की मी तिथे पाने पुसत बसायचो. मागून आवाज येतो अशी तक्रार घेऊन गाडी आली की बाबा हत्याराला हात न लावता आधी तिच्यातून एक चक्कर मारून येत. अॅक्सिलरेटर दाबल्यावर घुंई चढते आणि पाय सोडला की बदलते, तर क्राउन-पिनियन. पाय दाबा वा सोडा, वेगाबरोबर घरघर वाढतच जाते, तर बहुधा चाकाचे बेअरिंग. आणि गाडी सुटताना 'टक्' होत असेल, तर कुठेतरी सांध्यात ढिलेपणा. तो सांधा मात्र बाहेरून आत, एकेक करून शोधायचा.

हा धडा मी इंग्लंडमध्ये विसरलो. नोकरीनिमित्त बर्मिंगहॅमला असताना शेजारच्या एका निवृत्त गृहस्थांकडे १९७२ सालची एमजीबी होती. ही स्पोर्ट्स कार अॅबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. तिचे १७९८ सीसीचे इंजिन आणि आपल्या अँबॅसॅडरचे १४८९ सीसीचे जुने इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातले. त्यामुळे मला ती घरचीच वाटू लागली.

गाडी सुटताना मागून 'टक्' असा ठोका येई. एमजीबीच्या डिफरन्शियलमधले थ्रस्ट वॉशर झिजतात, हे मी वाचले होते. छाती ठोकून सांगितले, "डिफरन्शियलच आहे!" दोन रविवार खर्चून एक्सल शाफ्ट काढले, मागचे झाकण उघडले, वॉशर बदलले, नवे तेल भरले. त्यांनी सामानाचे पैसे मुकाट्याने दिले. गाडी फाटकाबाहेर पडली आणि पुन्हा 'टक्'!

त्या रात्री इंदूरला फोन केला. बाबांनी एमजीबी कधी पाहिलीही नव्हती. सगळे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "चाक हलवून पाहिलंस का रे? ते कशानं धरलंय?"

मी गप्प झालो. त्या गाडीला तारांची चाके होती. अशी चाके चार-पाच नटांनी आवळलेली नसतात. हबवरच्या दात्यांवर, म्हणजे स्प्लाइनवर, चाक सरकवायचे आणि मधोमध एकच मोठा नट आवळायचा. दुसऱ्या दिवशी पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवली. त्यांना ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि दोन्ही हातांनी टायर पुढे-मागे फिरवून पाहिला. ड्रम जागचा हलला नाही. चाक मात्र हलले. टक्! दाते झिजून टोकदार झाले होते.

माझ्या अंगावर काटा आला. ब्रेकचा ड्रम हबला जोडलेला असतो. दाते पूर्ण गेले असते, तर त्या चाकाला इंजिनाची ओढ मिळाली नसतीच, पण ब्रेकही लागला नसता. शेवटी मागचे हब आणि चाके जोडीनेच बदलली, कारण झिजलेल्या दात्यांवर चढवलेले नवे चाकही लवकर खराब होते. वॉशरचे पैसे मी परत देऊ केले. त्या गृहस्थांनी घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

बाबा आता नाहीत. मुलांनो, माझी चूक वाचनाची नव्हती. वाचलेले उत्तर मी तपासण्याआधीच सांगून टाकले, ही माझी चूक होती. आजही कुठलेही झाकण उघडण्यापूर्वी मला बाबांचा तो प्रश्न ऐकू येतो.