यंत्राला वाट ठाऊक, दरड नव्हे

महाडहून निघून पोलादपूरला आलात की वाट फुटते. एक कशेडीकडून खेडला उतरते, दुसरी आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढते. इथल्या वाड्यावस्त्यांच्या फिरतीसाठी मी मोटारसायकलवर जीपीएस यंत्र बसवले आहे.

आपणही बसवणार असाल तर एवढे सांभाळा. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते आणि यंत्राला बहुधा ५ व्होल्ट लागतात, म्हणून मध्ये कन्व्हर्टर घाला. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. किल्ली बंद केली की यंत्राची वीजही बंद व्हावी, नाहीतर बॅटरी उतरेल. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना, ते पाहा. आपल्याकडचा पाऊस ठाऊकच आहे; सांधे नीट झाका.

नकाशा आधी उतरवून ठेवला तर मोबाइलची रेंज नसली तरी यंत्र चालते. मात्र त्याला आकाशातले निदान चार उपग्रह लागतात. डोंगराच्या कुशीत ते कधी गोंधळते.

एका आषाढात ते मला वरंध घाटाची वाट दाखवत होते. टपरीवरचे आजोबा म्हणाले, "साहेब, वर दरड आलीय." मी मागे फिरलो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, तेव्हा दोन एस.टी. गाड्या नदीत गेल्या. नकाशावर तो पूल शाबूतच होता.

म्हणून यंत्र जरूर लावा; पण पावसाळ्यात घाट चढण्याआधी गाडी थांबवून माणसाला विचारा.