साडेसहाशे शब्द

शिरूर अनंतपाळला आलोय. भाची बारावीत. तिच्या वर्गातली बरीच पोरं लातूरच्या शिकवण्यांत ‘नीट’च्या मागं लागलेली, ही मात्र अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या अर्जातला ६५० शब्दांचा निबंध खोडतेय, पुन्हा लिहितेय. विषय काय, तर सोयाबीनच्या राशीवर आईसोबत जागून काढलेली रात्र. ताडपत्री, बॅटरी, ढगांकडं लागलेले डोळे. वाचून गलबललो.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी परदेशी मुलांनाही निवडताना ऐपत बघत नाहीत आणि निवडलेल्यांची आर्थिक गरज पूर्ण भागवतात. हे खेड्यातल्या पोरांना कुणी सांगतं का? १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवरच कोलंबियाला गेले होते! जागा मोजक्या, बहुतेकांना नकारच येतो. तरी मास्तरांनो, पोरींना अर्ज करू द्या. गरजूंना अर्जाचं शुल्कही माफ होतं.