सोमरकाम्पच्या बिल्ल्यामागचा सेट

चि. निखिल यास,


फ्रीडरिक्सहाफेनच्या हॅम रेडिओ बाजारातला फोटो मिळाला. सेट हुबेहूब माझ्या एफटी-१०१ई सारखा, पण वर नाव सोमरकाम्प एफटी-२७७ई, म्हणून तुला नकलेची शंका आली. नक्कल नाही रे. माल जपानच्या याएसूचाच. युरोपात तो सोमरकाम्पच्या नावानं विकला जायचा, म्हणून १०१ चा २७७ झाला. बिल्ल्यासाठी जादा पैसे मोजू नकोस.

एफटी-१०१ ची ही मालिका १९७० च्या सुमारास आली. आत बहुतेक सगळे ट्रान्झिस्टर. व्हॉल्व्ह तीनच, एक ड्रायव्हर आणि दोन फायनल म्हणजे शेवटच्या टप्प्याचे, तेही फक्त प्रक्षेपणासाठी. पॉवर सप्लाय त्याच पेटीत. सर्किटबोर्ड सॉकेटमधून उपसून काढता येतात, म्हणून तर पन्नास वर्षांनीही हे सेट दुरुस्त होतात. सुरुवातीच्या सेटांचा रिसीव्हर तगड्या स्टेशनांपुढे गांगरायचा. पुढे ते सुधारलं.

‘ई’मध्ये स्पीच प्रोसेसर आहे. ‘ईई’ म्हणजे तोच सेट, प्रोसेसर वगळून. ‘ईएक्स’मध्ये गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालवायची सोयही काढलेली. प्रोसेसरनं आवाज गर्दीतून पुढे जातो खरा, पण जास्त ताणला की घसा बसल्यासारखा ऐकू येतो. ‘ईई’ स्वस्तात मिळाला तर नाक मुरडू नकोस.

शेजारी ‘झेडडी’ दिसला, तर तो मात्र या घरातला नाही. आडनाव तेवढं सारखं. आकडे दाखवणारी डायल, वेगळं सर्किट आणि फायनलला ६१४६बी, म्हणजे खास ट्रान्समीटरसाठीचेच व्हॉल्व्ह. आपल्या ‘ई’चे ६जेएस६सी मुळात टीव्हीसाठी बनलेले. टीव्हीतून व्हॉल्व्ह गेले आणि यांचं उत्पादनही थांबलं. खरी मेख इथेच आहे.

म्हणून विकणाऱ्याला डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायच्या भारावर, सेट ट्यून करून दाखवायला सांग. प्लेटचं बटण फिरवताना करंटचा काटा एका जागी स्पष्ट खाली बुडायला हवा. व्हॉल्व्ह एनईसीचे असले तर उत्तम. दुसऱ्या कंपनीचे घातले असतील तर एक कपॅसिटर बदलून न्यूट्रलायझेशन, म्हणजे फायनल स्थिर ठेवणारी जुळणी, पुन्हा केलंय का, ते विचार.

घरी नेल्यावर लगेच झाकण उघडू नकोस. प्लेटला ६०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढला तरी कपॅसिटर तो काही वेळ धरून ठेवतात.

किंमत काय सांगतोय ते कळव.

तुझा,
मामा