एकाच नावाची दोन चित्रे

स्नानसंस्काराच्या नोंदवहीत प्रत्येक नोंदीशेजारी थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. बालक मोठे होऊन विवाहबद्ध झाले, की त्याची नोंद विवाहाच्या वहीत होतेच. परंतु १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील कलम ५३५ नुसार ती स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारीही करावी लागते. सेमिनरीत हे शिकताना मला ते निव्वळ कारकुनी काम वाटले होते. त्याचे मर्म पन्नाशी उलटल्यावर एका संगणकाने शिकवले.

पुण्यातील आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सणासमारंभांची छायाचित्रे हौसेने काढतो. त्याचा कॅमेरा प्रत्येक छायाचित्र दोनदा लिहून ठेवतो: एक ‘रॉ’ आणि एक ‘जेपेग’. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच रंग ठरवून, आकार घटवून दिलेले तयार चित्र. ते कोणत्याही मोबाइलवर उघडते. रॉ म्हणजे भिंगातून आलेल्या प्रकाशाची मूळ नोंद. जेपेगमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या, तर चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. साहजिकच ती फाइल अवजड. दोहोंचे नाव एकच, शेपूट तेवढे वेगळे.

कार्यालयातील संगणकाची जागा भरली, तेव्हा त्या ‘न उघडणाऱ्या’ फाइली मी निरुपयोगी समजून पुसून टाकल्या. कोणालाही विचारले नाही.

काही महिन्यांनी एक भगिनी आल्या. त्यांचे पती नुकतेच प्रभूघरी गेले होते. सणाच्या मिस्सेत त्यांनी पहिले वाचन केले होते. तोच त्यांचा अखेरचा फोटो. चित्र सापडले, पण मागच्या खिडकीतील ऊन इतके प्रखर, की चेहऱ्याच्या जागी नुसता काळोख! तरुण म्हणाला, “फादर, रॉ असेल ना? त्यातून चेहरा उजळता येईल.” त्याने स्वतःचे कार्ड माझ्या भरवशावर केव्हाच रिकामे केले होते. मी त्या भगिनींसमोर चूक कबूल केली. “असू द्या फादर, आवाज तर आठवतो,” त्या म्हणाल्या. क्षमा मिळाली, चेहरा मिळाला नाही.

खरे तर पुणेकराला हे ठाऊक असायला हवे होते. १९६४ साली याच शहरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. प्रेक्षक पाहतो ती प्रिंट. जपायची असते ती निगेटिव्ह.

त्यानंतर आम्ही दोघे ‘डिजिकॅम’ ही विनामूल्य संगणकप्रणाली घेऊन बसलो. ती एकाच नावाच्या रॉ आणि जेपेगचा गट करून देते. पडद्यावर एकच चित्र दिसते, जोडीदार त्याच्याआड असतो. नाव बदलायचे तर दोघांचे एकदम, नाहीतर जोडी तुटते. व्यक्तींची नावे आणि प्रसंग ‘एक्सएमपी’ नावाच्या छोट्या सोबतफाइलीत लिहून ठेवता येतात. गटातील एक चित्र पुसले तर दुसऱ्याचे काय करायचे, हे मात्र आधीच ठरवून द्यावे लागते. ‘लाइटरूम’ वापरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की जेपेगला स्वतंत्र चित्र मानण्याचा पर्याय निवडला नाही, तर ते रॉच्या सोबतीचे धरले जाते. शिवाय सर्व चित्रांची दुसरी प्रत आम्ही वेगळ्या डिस्कवर, दुसऱ्या इमारतीत ठेवतो.

परवा विवाहाची वही चाळताना एका नोंदीपाशी थांबलो. वधूचा स्नानसंस्कार दुसऱ्या धर्मग्रामात झालेला. तेथे विवाहाची सूचना पाठवायची राहून गेली होती. त्याच संध्याकाळी पत्र लिहिले आणि स्वतः टपालात टाकून आलो.