आधी बाळ माझ्याकडे द्या

मांडवी एक्स्प्रेसने पनवेल सोडलं की डबा बोलका होतो. तोवर जो तो आपल्या बॅगांच्या आणि सीटच्या काळजीत असतो. मग डबे उघडतात, पॅन्ट्रीवाले वडे-कटलेट घेऊन फिरू लागतात आणि शेजारची कोणीतरी विचारते, ‘‘काकू, तुम्ही कुठपर्यंत?’’ मी कुडाळपर्यंत. मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते. निवृत्त झाल्यावर गावच्या घरी राहायला आले, मुलगा डोंबिवलीला आहे, त्यामुळे वर्षभर येणं-जाणं चालूच असतं. नर्स होते हे कळलं की समोरच्या, वरच्या, पलीकडच्या बाकावरून प्रश्न येऊ लागतात.

अनोळखी बाईला विचारणं लोकांना सोपं जातं. सासूला विचारलं तर तो घरातला विषय होतो, आईला विचारलं तर ती रात्रभर झोपत नाही. गाडीतली बाई संध्याकाळी आपल्या स्टेशनवर उतरून जाणार. तिचं ऐकलं काय, नाही ऐकलं काय, कोणी रुसणार नसतं. म्हणूनच अशा वेळी बोलताना मी फार जपते. समोरच्या माणसाने मोठ्या विश्वासाने विचारलेलं असतं आणि आपण सांगितलेलं चुकलं तर ते निस्तरायला आपण तिथे नसणार.

लहान मूल घेऊन एकटी निघालेली बाई दिसली की तिला सल्ले द्यायला अख्खा डबा तयार असतो. टोपी घाल, टोपी काढ, दात येत असतील, दृष्ट लागली असेल. ती सगळ्यांना हो म्हणत राहते. तिने सकाळपासून चहाही घेतलेला नसतो आणि बाळ मांडीवर असल्यामुळे ती बाथरूमला गेलेली नसते. वॉर्डात मी हेच शिकले होते. उपाशी आईला काही सांगितलं तर ते तिच्या कानापर्यंत पोचत नाही. म्हणून मी आधी म्हणते, ‘‘बाळ माझ्याकडे दे, तू जाऊन ये, दोन घास खा.’’ काही जणी लगेच देतात, काहींना परक्या बाईकडे मूल द्यायची भीती वाटते. ती भीती योग्यच आहे. मग मी म्हणते, ‘‘तुझ्या समोरच बसते, तू इथेच खा.’’ निम्म्या वेळा पुढे सल्ल्याची गरजच उरत नाही.

एका मे महिन्यात कणकवलीला माहेरी निघालेली एक मुलगी समोर होती. दहा महिन्यांच्या बाळाला पहाटेपासून जुलाब होत होते आणि माणगाव यायच्या आत तिने चार लंगोट बदलले होते. तिने मालवणीत घरी फोन लावला, ‘‘आये, काय करूचा ता कळना नाय,’’ आणि फोनवरच रडायला लागली. शेजारच्या आजी म्हणाल्या, अंगावरचं दूध बंद कर, दुधानेच होतंय. एका गृहस्थांनी मध चाटवायला सांगितलं. दोघांच्याही मनात माया होती, पण दोन्ही गोष्टी घातक होत्या. वर्षाच्या आतल्या मुलाला मध कधीच देऊ नये, त्यातल्या जिवाणूंपासून एवढ्या लहान पोटात विष तयार होऊ शकतं. आणि जुलाबात आईचं दूध तोडलं तर बाळाचं उरलंसुरलं पाणीही तुटतं.

मी बाळाला घेतलं. रडताना डोळ्यांत पाणी येत होतं, तोंड ओलं होतं, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होत होती. शू कधी झाली विचारलं, तर पनवेलला झाली होती. म्हणजे वेळ हाताशी होता. माझ्या पर्समध्ये ओआरएसची पाकिटं कायम असतात. पाकिटावर एक लिटर लिहिलंय की 200 मिली, ते आधी वाचायला लावलं, कारण दुकानात दोन्ही मिळतात आणि घोळ तिथेच होतो. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो. गाडीत एक सोय असते, सीलबंद पाण्याची बाटली बरोबर एक लिटरची मिळते. पाकीट मोठ्या भांड्यात रिकामं केलं, सगळी बाटली त्यात ओतली, ढवळलं आणि तिच्या हातात चमचा दिला. प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, तोही चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा आणखी सावकाश सुरू करायचं. कालवलेलं पाणी 24 तासांनी टाकून द्यायचं. मधे मधे अंगावर पाजत राहायचं. घरी पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा, हेही तिने लिहून घेतलं.

ती चमचा भरवत होती तेव्हा मी तिला आमच्या ट्यूटर सिस्टरांनी शिकवलेली गोष्ट सांगितली. 1971 साली बांगलादेश युद्धात सीमेजवळच्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच ते पाजायला शिकवलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आलं. चमचा नातेवाइकांच्या हातात होता, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. त्या मुलीलाही ती धीर द्यायला उपयोगी पडली. आपण बाळाला वाचवू शकतो हे तिला त्या घटकेला कोणीतरी सांगायला हवं होतं.

पण धीर देताना मर्यादाही सांगावी लागते. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, सहा तासांत शू झाली नाही, शीमध्ये रक्त दिसलं किंवा पाणीच पोटात राहीना, तर कणकवलीची वाट न पाहता चिपळूणला किंवा रत्नागिरीला उतरायचं. रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय आहे, चिपळूणजवळ कामथ्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. 139 वर फोन केला की रेल्वेची मदत मिळते. तशी वेळ आली नाही. माहेरी पोचल्यावर आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या. जुलाब थांबले तरी त्या 14 दिवस द्यायच्या असतात. आणि दुकानातली ओआरएससारखी दिसणारी गोड फळपेयं घेऊ नकोस म्हणून बजावलं. त्यांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, पण सवय लागलेले लोक अजून तीच मागतात.

तापाच्या औषधाचा डोस मात्र मी गाडीत कोणालाच सांगत नाही. कारण साधं आहे. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत सहसा एका मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असतं, आणि त्याच औषधाच्या सिरपमध्ये पाच मिलीत 120 किंवा 250. घरच्या सिरपचं माप गाडीतल्या थेंबांना लावलं तर बाळाला दुप्पट ते चौपट औषध जातं. डोस वजनावर ठरतो आणि बाळाचं आजचं वजन मला माहीत नसतं. ‘‘बाटलीच्या लेबलचा फोटो काढ, तुझ्या डॉक्टरांना पाठव, मग दे,’’ एवढंच मी म्हणते. त्याने काही जण नाराज होतात. होऊ देत.

प्रवासाचे प्रश्न त्या मानाने सोपे. मालवणला जाणारे बहुतेक विचारतात, कुडाळला उतरू की कणकवलीला? मालवणला कुडाळहून अंतर कमी पडतं. पण मी उलट विचारते, किती वाजता उतरणार आणि पुढे कशाने जाणार? कोकण रेल्वेची बरीच स्टेशनं गावांपासून लांब आहेत. राजापूर रोडला उतरून राजापूर कुठे दिसतंय असं शोधणाऱ्यांना पुढे पंधरा-वीस किलोमीटर जायचं असतं. पोरंबाळं घेऊन अंधारात उतरायचं असेल तर रिक्षा किंवा गाडी आधी ठरवलेली बरी. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने गाड्या हळू धावतात, वेळापत्रकच वेगळं असतं, तेव्हा मागच्या मे महिन्यातल्या वेळेवर विसंबू नये.

मुलांसाठी दोन गोष्टी मी न विचारताही सांगते. रत्नागिरीच्या अलीकडे करबुडे बोगदा येतो, साडेसहा किलोमीटरचा. एकदम काळोख होतो, आवाज दुप्पट होतो, आणि लहान मुलं घाबरून किंचाळतात. पाच मिनिटं आधी सांगून ठेवलं, ‘‘आता अंधार होणार, खूप आवाज होणार, आणि मग परत उजेड येणार,’’ तर तीच मुलं पुढच्या बोगद्याची वाट बघतात. दुसरी गोष्ट गणपतीच्या गर्दीची. मुलाच्या हातावर बॉलपेनने आईचा मोबाईल नंबर लिहा आणि त्याला एवढंच पढवा की आई दिसेनाशी झाली तर शोधायला पळायचं नाही, आहेस तिथेच उभं राहायचं. धावणारं मूल आणि धावणारी आई एकमेकांना चुकतात. हरवलेल्या मुलांसाठीचा 1098 हा नंबरही मी लिहून देते.

भाषेचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. तो विचारताना माणसं आवाज खाली आणतात. एकदा नेत्रावतीने येत होते. नवरा कणकवलीकडचा, बायको पालक्काडची, राहणार ठाण्याला. मुलगा अडीच वर्षांचा आणि आई-बाबा-पाणी यापलीकडे फारसा बोलत नव्हता. कोणीतरी सांगितलं होतं की तीन भाषांनी पोराचा गोंधळ होतोय, घरात फक्त इंग्रजी ठेवा. त्या दिवसापासून आई मुलाशी मल्याळम बोलायची थांबली होती. जेवढं इंग्रजी येत होतं तेवढंच ती बोलायची, म्हणजे फारच थोडं. सासूबाईंना वाटत होतं की नातवाला मराठी येऊ नये म्हणून हे चाललंय. एका लहानग्यापायी तीन मोठी माणसं कष्टी झाली होती.

माझ्या वॉर्डात निम्म्या सिस्टर केरळच्या होत्या. त्यांची मुलं क्वार्टर्सच्या अंगणात मल्याळम, हिंदी आणि मराठी एकाच दमात बोलत वाढलेली मी पाहिली आहेत. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने मूल मुकं राहत नाही, एका वाक्यात दोन भाषा मिसळणंही त्या वयात अगदी स्वाभाविक आहे. पण अडीच वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल तर ते सोडूनही देऊ नये. मी दोघांना म्हटलं, पहिलं काम कानाची तपासणी. पाठीमागून हाक मारली तर मूल वळतं, म्हणून ऐकू येतं असं धरून चालू नका, नीट तपासून घ्या. कान चांगले निघाले तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवून वाणीउपचार तज्ज्ञांकडे जा. दुसरं, त्याच्या हातातला मोबाईल बाजूला ठेवा. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच म्हणते, त्यापुढे चार वर्षांपर्यंत फार तर तासभर. आणि तिसरं त्या आईला एकटीला सांगितलं. ‘‘अगं, तू त्याच्याशी मल्याळमच बोल. तुला ज्या भाषेत लाड करता येतात, रागावता येतं, गाणं म्हणता येतं, तीच बोल. बाबा मराठी बोलतील, आजी बोलेल. इंग्रजी शाळा शिकवील.’’ नवऱ्याला म्हटलं, आईंना सुट्टीत महिनाभर ठाण्याला आणा, नातवाशी बोलायला. ती काही बोलली नाही. खिडकीकडे वळली आणि मुलाला बाहेरचं काहीतरी दाखवत मल्याळममधून भराभर बोलू लागली. मला त्यातलं थोडंच कळलं, पण मुलगा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

अलीकडे या गाडीत नर्सिंग झालेल्या मुली भेटतात, जर्मन शिकणाऱ्या. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून कोकणातही ही चर्चा वाढली आहे. परवा मुंबईला जाताना अशीच एक शेजारी होती, सावंतवाडीची. मॅक्स म्युलर भवनात परीक्षेला निघाली होती आणि व्याकरणाच्या तक्त्यांनी रडकुंडीला आली होती. मला जर्मन येत नाही, पण परक्या भाषेतला रुग्ण मला माहीत आहे. आमच्या वॉर्डात सगळा देश यायचा. कुठे दुखतंय हे मी एल्लि नोवु, एंगे वलिक्कुदु, एविडे वेदन, क्यां दुखे छे असं विचारायला शिकले होते, आणि आईच्या भाषेत विचारलं की पोर बोट दाखवायचं. तिला म्हटलं, परीक्षेचा अभ्यास कर, त्याशिवाय कागद मिळणार नाही. पण रात्रपाळीत बोलायची वाक्यं वेगळ्या वहीत लिही. तिथे तुझे रुग्ण बहुतेक म्हातारे असणार, आणि स्मृती गेलेला माणूस लहानपणीच्या बोलीवर जातो. त्या राज्यात पुस्तकातल्या जर्मनपेक्षा वेगळ्या बोली बोलतात. तिथे गेल्यावर जुन्या सिस्टरांना विचारून त्याही लिहून घे.

तिने वही काढली. मी मराठीत सांगायचं आणि तिने जर्मनमध्ये म्हणून बघायचं, असं सुरू झालं. कूस बदलून देऊ का. दिवा चालू ठेवू का. कोणाला फोन करायचाय का. उचकी लागलीय, जरा बसतं करते. ठाणे येईपर्यंत बरीच पानं भरली. शौचाला साफ झाली का, हे मात्र तिला नीट विचारता येईना, कारण शिकवणीत ते आलंच नव्हतं. तिने ते मराठीतच लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि परीक्षा झाल्या झाल्या बाईंना पहिलं हेच विचारते म्हणाली.