दोष कोणाचा?

मनुष्यस्वभावाची एक मौज अशी आहे, कीं कोठेंहि कांहीं बिघडलें म्हणजे ‘काय बिघडलें?’ हा प्रश्न सुचण्यापूर्वीं आपणांस ‘कोणीं बिघडविलें?’ हा प्रश्न सुचतो. वस्तुतः पहिल्याचें उत्तर मिळाल्यावांचून दुसरा प्रश्न विचारण्याचा अधिकारच आपणांस पोंचत नाहीं. ही गोष्ट वर्गांत आम्ही पुष्कळ वर्षें सांगत आलों; परंतु आम्हांस ती खऱ्या अर्थानें शिकविली एका जुन्या संगणकानें. पुढील हकीकत आम्हांस भूषणावह नाहीं. तथापि विद्यार्थ्यांच्या चुका आम्ही नित्य चारचौघांत वाचून दाखवितों. तेव्हां एकदां आमचीहि चूक वाचली जावी, हें न्यायाचें होईल.

हा संगणक आम्हीं २०१२ सालीं घेतला. नाना पेठेंतील आमच्या घरांत खिडकीजवळच्या मेजावर बसून प्रश्नपत्रिका, गुणपत्रकें आणि पत्रव्यवहार हीं सर्व कामें तो निमूटपणें करीत असे. गेल्या पावसाळ्यांत मात्र त्याचें चित्त ठिकाणावर राहीनासें झालें. कधीं काम चालू असतां पडदा एकाएकीं निळा होई, त्यावर इंग्रजींत एखादें वाक्य उमटे व यंत्र आपोआप पुन्हां सुरू होई. कधीं तर दिवा विझावा तसें तें एकदम बंदच पडे. त्याच दिवसांत नववींतील एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर आमच्या घरीं येऊन अंकासाठीं आलेले लेख संगणकावर उतरवून देत असे. एके सायंकाळीं त्याचें दोन तासांचें काम निळ्या पडद्याबरोबर नाहीसें झालें. आम्ही संतापलों. त्याच्या पेन ड्राइव्हमधून खेळ आले असतील आणि खेळांबरोबर व्हायरस, असें आम्हीं क्षणांत ठरवून टाकलें.

“सर, मीं कांहीं केलें नाहीं,” तो म्हणाला. “मी नुसता लेख लिहीत होतों. आणि पडद्यावर दर वेळीं निराळेंच वाक्य येतें.”

“अरे, सबबी सांगूं नकोस. उद्यांपासून येऊंहि नकोस,” आम्ही म्हणालों. तो मुकाट्यानें दप्तर उचलून निघून गेला.

मुलगा गेला; दोष राहिला. एका कारागिरास बोलावून संगणकांतील सर्व मजकूर पुसविला व विंडोज नव्यानें बसविलें. आतां व्हायरस असता तरी उरला नसता. तरीहि तिसऱ्या दिवशीं पडदा पुन्हां निळा झाला, आणि आमच्या मनांत शंकेची पाल प्रथमच चुकचुकली. ज्या पुण्यांत सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला, त्याच पुण्यांत राहून आम्हांस मेजावरील पेटीचें साधें झांकण काढावयाचें धैर्य नव्हतें! अखेर आम्ही बुधवार पेठेंतील तपकीर गल्ली गांठली. तेथील एका वयस्क दुकानदारानें आमचें गाऱ्हाणें ऐकून घेतलें आणि म्हटलें, “सर, स्क्रू मागाहून उघडा, आधीं वही उघडा. केव्हां बंद पडला, काय करीत होतां, पडद्यावर काय आलें, तेवढें लिहून आणा.”

दोन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. चार वेळां यंत्र एकदम बंद पडलें होतें. त्या चारहि वेळां दुपार होती व काम जड होतें. सात वेळां पडदा निळा झाला होता. त्यास मात्र ना काळाचें बंधन, ना कामाचें. वही चाळून दुकानदार म्हणाला, “एकाच प्रोग्रॅमचा दोष असता, तर तक्रारहि बहुधा एकच राहिली असती. दर वेळीं निराळें वाक्य येतें, म्हणजे आंतल्या सामानाकडे पाहावें.” हें ऐकून आम्ही चपापलों. हेंच तर त्या मुलानें आम्हांस सांगितलें होतें! तो पुरावा देत होता, आणि आम्हीं त्यास सबब हें नांव दिलें होतें.

नोंदींवरून दोन निरनिराळे रोग दिसत होते, म्हणून आम्हीं एका वेळीं एकच उपाय करावयाचा असें ठरविलें. वीज बंद करून, प्लग काढून, अंगांतील स्थिर विद्युत् निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्यास हात लावून मग झांकण काढलें. प्रोसेसरवरील पंख्याखालीं धुळीची जणूं गोधडीच बसली होती आणि उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. उष्णता प्रमाणाबाहेर वाढली, कीं प्रोसेसर जळूं नये म्हणून यंत्र स्वतःच बंद पडतें. अर्थात् तो त्याचा हट्ट नव्हता. तें त्याचें आत्मरक्षण होतें. धूळ झाडली, नवी पेस्ट लावली. जड कामाच्या वेळीं ९६ अंशांपर्यंत चढणारा पारा ६४ अंशांवर थांबूं लागला. एकदम बंद पडणें थांबलें. निळा पडदा मात्र थांबला नाहीं.

मग संशय गेला वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसवर. त्याची १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ या मर्यादेंत असावी लागते; मल्टीमीटरनें काम चालू असतां १२.१ दाखविले. तेव्हां त्यास तूर्त निर्दोष मानून आम्ही स्मृतीकडे, म्हणजे रॅमकडे वळलों. पट्ट्यांचे सोनेरी दांते खोडरबरानें पुसले. दोन दिवस सर्व सुरळीत चाललें व आम्हीं विजय मानला. तिसऱ्या दिवशीं तो विजय मावळला.

रॅममध्यें प्रत्येक अंक सूक्ष्म विद्युत्‌भाराच्या रूपानें साठविलेला असतो. २ जीबीच्या एका पट्टींत असे १,७०० कोटींहून अधिक कप्पे असतात. त्यांतील भार सतत गळत असतो. म्हणून साधारणतः दर ६४ सहस्रांश सेकंदांत तो नव्यानें भरावा लागतो. यांतील मूठभर कप्पे कच्चे निघाले, तर ज्या प्रोग्रॅमच्या वांट्यास ते येतील तो कोसळतो. दर वेळीं निराळें वाक्य कां येई, याचा उलगडा येथें झाला.

आमच्या संगणकांत अशा दोन पट्ट्या होत्या. मेमटेस्ट नांवाचा परीक्षक प्रोग्रॅम रात्रभर चालविला. पडद्यावर चुकांच्या तांबड्या ओळी आल्या. मग एकच पट्टी ठेवून पाहिली : रात्रभर एकहि चूक नाहीं. तिच्या जागीं, त्याच खाचेंत, दुसरी बसविली : वीस मिनिटांत तांबड्या ओळी. शेवटीं चांगली पट्टी दुसऱ्या खाचेंत घालून पाहिली. तेथेंहि ती निर्दोषच ठरली. दोष खाचेबरोबर न राहतां पट्टीबरोबर हलला. चोर सांपडला.

दोष असा कोणाच्या ध्यानींमनीं नसलेल्या ठिकाणींहि दडून बसतो. १९७८ च्या सुमारास अमेरिकेंतील इंटेल कंपनीचे टिमथी मे व मरे वूड्स यांनीं शोधून काढलें, कीं स्मृतींतील अंक आपोआप उलटण्याचें एक कारण चिपच्या सिरॅमिक वेष्टनांतच होतें. त्यांत युरेनियम व थोरियम यांचा अत्यल्प अंश होता, आणि त्यांतून निघणारे अल्फा कण अंक बिघडवीत होते. त्यांनीं मनुष्याकडे बोट दाखवून समाधान मानलें असतें, तर तें वेष्टन कोणीं तपासलेंच नसतें.

पट्टी हातांत घेऊन बसलों असतां एक विचार मनास बोचला. पट्टी काढून पाहण्याच्या फार आधीं आम्हीं मुलास काढून पाहिलें होतें. नकळत तोहि एक प्रयोगच झाला होता. आणि त्या प्रयोगानें मुलास तिसऱ्याच दिवशीं निर्दोष ठरविलें होतें. निकाल समोर असूनहि तो वाचण्यास आम्हांस महिना लागला.

त्याच संध्याकाळीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. त्याच्या आईनें दार उघडलें. सर स्वतः आलेले पाहून मुलाविरुद्ध आणखी कांहीं तक्रार आहे कीं काय, या काळजीनें तिचा चेहरा उतरला. त्या माउलीच्या देखत आम्ही मुलास म्हणालों, “बाळ, चूक आमची होती. तूं खरें सांगितलेंस, आम्हीं ऐकलें नाहीं.” तो खालीं पाहत क्षणभर उभा राहिला; मग हळूच म्हणाला, “सर, ती बिघडलेली पट्टी मला पाहूं द्याल?” दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हां येऊं लागला. या अंकांतील कांहीं पानें त्याच्याच बोटांखालून गेलेलीं आहेत.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र बिघडलें तर प्रथम लिहून ठेवा, एका वेळीं एकच वस्तु बदला, आणि दोन दिवसांच्या यशास भुलूं नका. पालकांस आमची विनंती एवढीच, कीं घरांत कांहीं मोडलें असतां मूल “मीं केलें नाहीं” असें म्हणेल, तेव्हां पुढें तें काय सांगतें तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें. आम्हीं त्याचें दुसरें वाक्य ऐकलें असतें, तर आमचा एक महिना वांचला असता. आणि एका निरपराध मुलाचाहि.